आधी माइक, मग कॅमेरा

शॉर्ट फिल्म करायची म्हटलं की होस्टेलवर पहिली चर्चा कशावर होते? कॅमेऱ्यावर! गोष्ट काय, बोलणार कोण, हे सगळं नंतर. यंदा आमच्या ग्रुपनेही तेच केलं. वर्गणी काढली, दोन दिवसांसाठी भाड्याने कॅमेरा आणला, वर एक महागडी लेन्सही घेतली. माइकचं काय, असं एकाने विचारलं तर "कॅमेऱ्यात असतोच की" असं उत्तर मिळालं. हे उत्तर माझंच होतं. त्यामुळे पुढे जी काही टीका आहे ती आधी मला लागू आहे.

फिल्म होती भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या शेडमधल्या काकांवर. ते पॉवर प्रेस चालवतात. चाकणला ज्या गाड्या बनतात त्यांच्यासाठी लागणारे ब्रॅकेट त्या प्रेसवर ठोकले जातात. चौदा वर्षं एकाच मशीनवर! आम्हाला वाटलं, झालं, विषय मिळाला.

रात्री रूमवर फुटेज लावलं. काकांचा चेहरा सुंदर दिसत होता आणि ऐकू येत होतं फक्त धाड, धाड, धाड. त्यात कॅमेऱ्याचं ऑटो गेन चालू राहिलेलं. म्हणजे शांतता झाली की तो आवाज आपोआप वाढवतो, प्रेस आपटली की एकदम पाडतो. काकांची वाक्यं विहिरीत बुडून वर आल्यासारखी वाटत होती. कॅमेरा त्यांच्यापासून आठ फुटांवर होता. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, हे आम्ही परीक्षेत लिहून मार्कही मिळवलेत. पण उत्तरपत्रिकेतलं शेडमध्ये आठवेल तर शपथ!

दुसरी गंमत ट्यूबलाइटची. फुटेजवर काळसर पट्टे सरकत होते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्यांना ते कळत नाही, पण शटर १/६० ठेवलं की कॅमेऱ्याला बरोबर कळतं. १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात. इलेक्ट्रिकलची तीन मुलं टीममध्ये असताना हे कळायला आम्हाला एक अख्खी रात्र लागली.

म्हणून परत गेलो. या वेळी जेवणाच्या सुट्टीत, प्रेस बंद असताना. एका मोबाइलवर व्हॉइस रेकॉर्डर चालू करून तो काकांच्या शर्टाच्या खिशात ठेवला, इयरफोनचा माइक बटणाला टेपने चिकटवला आणि सुरुवातीला एक टाळी वाजवली. एडिटिंगला ती टाळी जुळवली की चित्र आणि आवाज एका रेषेत येतात. खर्च शून्य. (दुसऱ्या मोबाइलवर घेतलेला अँगल मात्र शेवटी शेवटी ओठांच्या मागे पडायला लागला. मोबाइल फ्रेम रेट स्थिर ठेवत नाही, तेव्हा आधी हँडब्रेकमध्ये टाकून २५ फ्रेमवर स्थिर करून घ्या. आमचे दोन दिवस गेले, तुमचे वाचतील.)

त्याच दिवशी माझ्या मराठीचीही परीक्षा झाली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. प्रश्न मनात इंग्लिशमध्ये तयार होतात आणि बाहेर पडतात ते असे : "तुम्हाला तुमच्या कामाबद्दल काय वाटतं?" काका म्हणाले, "काय वाटायचंय?" संपली मुलाखत. मग मंचरचा आमचा मित्र पुढे सरकला आणि म्हणाला, "काका, पयल्या दिवशी काय झालं व्हतं?" काका वीस मिनिटं बोलले.

सॉफ्टवेअरच्या नावाने रडणाऱ्यांसाठी एक आठवण. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी देशी कॅमेरा जुळवायला घेतला तेव्हा हाताशी ना मॅन्युअल होतं ना कोर्स. सोबतचे बंधू आनंदराव १९१६ साली वारले. पुढे विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून पेंटरांनी १९१८ मध्ये कॅमेरा चालू केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. हेच दामले पुढे प्रभात कंपनीत ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळत होते. १९३३ मध्ये प्रभात कोल्हापूरहून पुण्यात आली. तिच्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर. दा विंची रिझॉल्व्ह तर फुकट मिळतं. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ते धापा टाकतं हे खरं, पण प्रॉक्सी बनवून घेतल्या की आमच्यासारखं काम निभावतं.

पण खरी अडचण सॉफ्टवेअर शिकून झाल्यावर आली. लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने शंभर वर्षांपूर्वी एक प्रयोग केला होता. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा, पुढे कधी सूपची वाटी, कधी शवपेटी. लोकांना प्रत्येक वेळी त्या चेहऱ्यात वेगळा भाव दिसला. आम्ही हे वाचलं आणि लगेच वापरलं. आधी पगाराच्या स्लिपचा क्लोजअप, मग काकांचा खाली वळलेला चेहरा, मागे बासरी. पाहणाऱ्या दोन मुलींच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही खूश!

गॅदरिंगच्या आठ दिवस आधी काकांना लॅपटॉपवर फिल्म दाखवली. ते शांतपणे बघत होते. त्या शॉटला म्हणाले, "थांबव. मी तवा मॅच बघत होतो मोबाइलवर. रडका कशाला केला मला?"

खरंच, ते मॅच बघत होते. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं.

टीममध्ये भांडण झालं. एकाचं म्हणणं, इम्पॅक्ट जाईल, बक्षीस जाईल. माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे : ज्याच्यावर फिल्म आहे त्याला दाखवल्याशिवाय एडिट संपत नाही. शॉट काढला, बासरी काढली. बक्षीस नाही मिळालं. ते त्यामुळेच गेलं की मुळात फिल्मच लांबली होती, हे परीक्षकांनाच माहीत.

फिल्म क्लबच्या फंडाची मीटिंग आता होईल आणि यादीत पुन्हा लेन्स असेल. माझी मागणी लेखी देते : कॉलरला लावायचे दोन माइक आणि एक बरा हेडफोन. शूटवर तो हेडफोन ज्याच्या कानावर असेल त्याने तो चहा प्यायलासुद्धा काढायचा नाही.