पॉइंट किती आणि पातेले केवढे?

दुपारची जेवणे आटोपून घर जरा कुठे निवांत झाले, की जिन्यात बोहारणीची हाक येत असे. घरातल्या बाईने जुन्या साड्या, विटलेले शर्ट, आखूड झालेल्या पँटी पुढ्यात टाकायच्या आणि बोहारणीने पाटीतून स्टीलचे एक पातेले काढायचे. मग घासाघीस सुरू. ‘‘पाच साड्यांना एवढेसेच पातेले?’’ ‘‘ताई, साड्या पार विरल्यात हो!’’ अखेर एखादी वाटी वर घालून सौदा पटायचा. या सगळ्या देवघेवीत एक गोष्ट दोघींनाही पक्की ठाऊक असे. कपडे किती दिले याला महत्त्व नाही, पातेले केवढे मिळाले याला आहे. जुन्या कपड्यांना स्वतःची अशी किंमत नव्हतीच. जी काही होती, ती अदलाबदलीच्या भावात होती.

आज त्याच घरांत क्रेडिट कार्डाचे पॉइंट जमा होतात. ‘‘माझे दहा हजार पॉइंट झाले,’’ असे जेवणाच्या टेबलावर मुलगा अभिमानाने सांगतो आणि सारे घर कौतुकाने ऐकते. त्या दहा हजारांचे पातेले केवढे, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. ज्या घरात बोहारणीला वाटीसाठी अडवून धरले जाई, त्याच घरात बँकेने दिलेला आकडा निमूट स्वीकारला जातो, हे जरा नवलच म्हणायचे.

भारतात क्रेडिट कार्ड आले ते १९८० साली, सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या ‘सेंट्रल कार्ड’च्या रूपाने. पुढची कित्येक वर्षे ते बड्या साहेबांच्या पाकिटातच राहिले. मध्यमवर्गाच्या मनात उधारी म्हणजे वाण्याच्या वहीतली, आणि तीही चारचौघांत न सांगण्याची गोष्ट होती. ते दिवस गेले. २०२४ सालच्या आरंभी देशातील क्रेडिट कार्डांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली. एकेका पाकिटात तीन-तीन, चार-चार कार्डे दिसू लागली आणि ‘तुमच्या कार्डावर काय मिळते?’ हा लग्नसमारंभातल्या गप्पांचा विषय झाला. उधारीची लाज गेली, आणि ती घालवण्यात बक्षिसांचा वाटा लहान नाही.

तर या बक्षिसांची तुलना करायची कशी? बँकांच्या जाहिराती पाहिल्या तर ती करताच येऊ नये अशीच व्यवस्था दिसते. एक बँक दर १५० रुपयांना ४ पॉइंट देते, दुसरी दर १०० रुपयांना २ देते, तिसरी ५ टक्के रोख परतावा देते, पण विशिष्ट ठिकाणच्या खरेदीवरच. चौथी विमानाचे मैल देते. मापे वेगवेगळी असली की भाव ताडून पाहता येत नाही. उपाय एकच आहे. प्रत्येक कार्ड एकाच तराजूत घालायचे. आपण खरोखर खर्च केलेल्या १०० रुपयांमागे, शुल्क वजा जाता, किती रुपये हाती आले?

एक नमुन्याचे घर घेऊ. कार्डावर महिना २५,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३ लाख रुपये खर्च. यातली १ लाख २० हजारांची खरेदी ऑनलाइन, आणि तिच्यातलीही ६० हजारांची एकाच मोठ्या संकेतस्थळावर. उरलेले १ लाख ८० हजार किराणा, औषधे, कपडे, हॉटेल यांवर दुकानात जाऊन केलेले. पेट्रोल, घरभाडे, सोने यांवर बहुतेक कार्डे काही देत नाहीत किंवा अगदी थोडे देतात, म्हणून ते या हिशेबात धरलेलेच नाही. आता बाजारात सर्रास आढळणारे तीन नमुने लावून पाहू.

पहिले कार्ड त्या संकेतस्थळाशी जोडलेले, वार्षिक शुल्क नाही. तेथील खरेदीवर ५ टक्के, इतरत्र १ टक्का. ६० हजारांचे ३,००० आणि उरलेल्या २ लाख ४० हजारांचे २,४००, असे ५,४०० रुपये मिळतात. म्हणजे शेकडा १ रुपया ८० पैसे.

दुसरे कार्ड कोणत्याही ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के आणि दुकानात १ टक्का देते. शुल्क ९९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. येथे ६,००० आणि १,८०० मिळून ७,८०० रुपये होतात. खर्चाचा टप्पा गाठल्याबद्दल शुल्क माफ झाले तर सारेच हाती, नाही तर १,१७९ रुपये वजा जाऊन ६,६२१.

तिसरे कार्ड दिमाखदार. नाव भारदस्त, पत्रा चकचकीत, सोबत विमानतळावरच्या लाउंजचा प्रवेश. दर १५० रुपयांना ४ पॉइंट, म्हणजे वर्षाला ८,००० पॉइंट. आकडा भरघोस. पण पॉइंटचा भाव विमानाच्या तिकिटासाठी ५० पैसे आणि बिलातून वजा करून घ्यायचा तर २० पैसे. म्हणजे ८,००० पॉइंटांचे एक तर ४,००० रुपये, नाही तर १,६००. शुल्क २,५०० रुपये अधिक जीएसटी, एकूण २,९५०. विमानाने जाणाऱ्याला वर्षाकाठी १,०५० रुपये सुटले. न जाणाऱ्याला उलट १,३५० रुपये पदरचे गेले! शिवाय पॉइंट वटवण्यासाठी अनेक बँका ९९ रुपये आणि त्यावर जीएसटी घेतात, ते वेगळेच.

लाउंजची किंमत यात धरलेली नाही, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. ज्यांना महिन्यातून दोनदा विमानाने जावे लागते, त्यांनी ती जरूर धरावी. वर्षातून एकदा, मुलांच्या सुट्टीत विमान पाहणाऱ्याने लाउंजमधल्या इडलीसाठी २,९५० रुपये मोजावेत का, हे ज्याने त्याने ठरवावे. आणि तो प्रवेशही आता पूर्वीसारखा मोकळा राहिलेला नाही. २०२४च्या एप्रिलपासून आयसीआयसीआय बँकेने आपल्या अनेक कार्डांवर, आधीच्या तिमाहीत ३५,००० रुपये खर्च केले असतील तरच लाउंज, अशी अट घातली. इतर बँकांनीही तसेच मार्ग धरले.

येथे पॉइंटांचा दुसरा गुणधर्म समोर येतो. पॉइंट हे एक चलन आहे, आणि ते छापणारा, त्याचा भाव ठरवणारा आणि तो बदलणारा, तिन्ही एकच आहे. १९९१च्या जुलैत सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले तेव्हा देशभर वादळ उठले. पॉइंटांचे अवमूल्यन मात्र एका ईमेलने होते. अॅक्सिस बँकेच्या ‘मॅग्नस’ कार्डाचे उदाहरण ताजे आहे. महिन्याला १ लाख रुपये खर्च केल्यास २५,००० जादा पॉइंट, या योजनेमुळे जाणकारांत त्या कार्डाची मोठी वाहवा होती. २०२३च्या सप्टेंबरपासून ती योजना बंद झाली, शुल्क १०,००० वरून १२,५०० रुपयांवर गेले आणि पॉइंटांचे मैल करण्याचा भाव ५ला ४ होता, तो ५ला २ झाला. ज्यांनी मोठ्या प्रवासासाठी पॉइंट साठवून ठेवले होते, त्यांच्या साठ्याचे मोल निम्मे झाले. विमान कंपन्याही येतात आणि जातात. ‘विस्तारा’ २०२४च्या नोव्हेंबरात एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या नावाच्या कार्डांचा काळ संपला. आपल्या आज्या सोने साठवीत, ते शहाणपणाचे होते. पॉइंट साठवणे शहाणपणाचे नाही. ते मिळाले, की वापरून मोकळे व्हावे.

एवढा सगळा हिशेब मात्र एका गृहीतावर उभा आहे, आणि ते गृहीत ढळले तर तुलनेला काही अर्थच उरत नाही. ते म्हणजे, दर महिन्याचे बिल शेवटच्या तारखेच्या आत, पूर्ण भरले जाते. बिलावर दोन आकडे असतात. एक पूर्ण रकमेचा आणि दुसरा ‘किमान देय रकमेचा’. हा दुसरा आकडा दिसायला मोठा दयाळू असतो. २५,००० रुपयांच्या बिलात तो सुमारे १,२५० रुपयांचा असेल. महिना ओढाताणीचा आहे, शाळेची फी आहे, म्हणून कोणी तेवढेच भरले तर काय होते? उरलेल्या २३,७५० रुपयांवर दरमहा ३.७५ टक्क्यांनी ८९० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणून आणखी १६० रुपये. एका महिन्याचे १,०५० रुपये झाले. नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही गेली, म्हणजे दुसऱ्या दिवशी घेतलेल्या दुधाच्या पिशवीवरही त्याच दिवसापासून व्याज सुरू. वर्षाला ४५ टक्के हा दर आहे, बँकेच्या साध्या वैयक्तिक कर्जाच्या दुप्पट-तिप्पट.

आता वरचे आकडे पुन्हा पाहावेत. तिसऱ्या कार्डाची वर्षभराची सगळी कमाई अशा एकाच महिन्यात साफ झाली. पहिल्या कार्डाची पाच-सहा महिन्यांत होईल. म्हणजे कोणते कार्ड चांगले, हा प्रश्न दुसरा आहे. बिल पूर्ण भरण्याची आपल्या घराची शिस्त आहे का, हा पहिला. ती नसेल तर सर्वांत उदार कार्डही महागच पडते.

दंड, शुल्के आणि दुकानदाराकडून मिळणारा वाटा यांच्या जोडीला हे व्याज, यांतूनच बक्षिसांचा पैसा येतो. बँक काही अन्नछत्र चालवीत नाही. दुकानात १,००० रुपयांची साडी कार्डावर घेतली, तर दुकानदाराच्या हाती साधारण ९८० रुपये पडतात. मधल्या २० रुपयांतला मोठा भाग कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो आणि त्यातले १० रुपये ‘परतावा’ म्हणून आपल्याकडे येतात. तीच साडी यूपीआयने थेट खात्यातून घेतली तर बक्षीस जवळपास काहीच नाही. बँक कंजूष आहे म्हणून नव्हे. १ जानेवारी २०२० पासून अशा व्यवहारावर दुकानदाराकडून काही घ्यायचेच नाही, असे सरकारने ठरवले. जेथे कापायचे नाही, तेथे वाटायचे कोठून?

पण दुकानदार ते २० रुपये स्वतःच्या खिशातून किती दिवस घालील? हळूहळू ते साडीच्या किमतीत मिसळतात, आणि ती किंमत सर्वांना सारखीच. रोख पैसे मोजणारी मोलकरीण, पेन्शनीतून खरेदी करणारे आजोबा, क्रेडिट कार्ड कधी मिळूच न शकणारा रिक्षावाला, हे सगळे थोडे थोडे जादा देतात. अमेरिकेत बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली याचा हिशेब मांडला होता. रोखीने खरेदी करणारे सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर या वाटेने गमावते आणि कार्ड वापरणाऱ्या सरासरी कुटुंबाच्या पदरात १,१३३ डॉलर पडतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्या देशाचे आकडे वेगळे असतील, पण पैशाची वाट तीच. गरिबाकडून श्रीमंताकडे, आणि वाटेत टोलनाक्यावर बँक.

यावर काही देशांनी इलाज केले. ऑस्ट्रेलियाने २००३ साली कार्ड देणाऱ्या बँकेचा वाटा जवळजवळ निम्म्यावर आणला. युरोपीय संघाने २०१५ साली तो क्रेडिट कार्डासाठी शेकडा ३० पैशांवर बांधून टाकला. दोन्हीकडे बक्षिसे आटली. आपल्याकडे डेबिट कार्डावरच्या कपातीला मर्यादा आहे, क्रेडिट कार्डावरच्या कपातीला मात्र तशी नाही. म्हणूनच बँकेचा प्रतिनिधी डेबिट कार्डाबद्दल कधी फोन करीत नाही, आणि क्रेडिट कार्डासाठी दुपारची झोप मोडतो.

मग कार्ड घेऊच नये का? तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. आपण एकट्याने बक्षीस नाकारल्याने साडी स्वस्त होणार नाही. जे घर बिल वेळेवर आणि पूर्ण भरते, त्याने आपल्या खर्चाला बेतलेले, शुल्क नसलेले किंवा सहज माफ होणारे एखादे कार्ड बाळगावे आणि वर्षाला पाच-सात हजार रुपये घ्यावेत. त्यात गैर काही नाही. मात्र त्या पाच-सात हजारांसाठी खर्च वाढवू नये. १,१७९ रुपयांचे शुल्क वाचावे म्हणून वर्षअखेरीस गरज नसलेला १५ हजारांचा मोबाइल घेणारे लोक आपल्या ओळखीत निघतील. बक्षिसाचा खरा हेतू नेमका तोच आहे, आणि तो वारंवार सफल होतो.

जी कार्डे या हिशेबात बसत नाहीत, ती बंद करावीत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या निर्देशांनुसार, थकबाकी नसेल तर ग्राहकाने विनंती केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करायचे असते. त्यानंतर उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपयांप्रमाणे तिने ग्राहकाला भरपाई द्यायची असते. हा नियम फार थोड्यांना ठाऊक आहे.

आज रविवार आहे. चहा झाला, की घरातल्या सगळ्या कार्डांची गेल्या वर्षाची बिले काढून बसावे. एका रकान्यात हाती आलेले रुपये लिहावेत. पॉइंट नव्हे, रुपये. दुसऱ्या रकान्यात शुल्क, व्याज, दंड आणि त्यांवरचा कर. दोन्हींची वजाबाकी मुलांना करायला सांगावी. आणि घरात ज्यांनी बोहारणीशी घासाघीस केली आहे अशा आजी असतील, तर त्यांना शेजारी बसवून घ्यावे. पातेले घ्यायचे की साड्या परत घडी करून कपाटात ठेवायच्या, हे त्या बरोबर सांगतील.