पाहुणचार खुशाल करा, पण हिशेब लिहून ठेवा

मोठ्या शहरात आंतरराष्ट्रीय परिषद भरली म्हणजे ती सभागृहातच सुरू होते आणि तिथेच संपते, असे आपल्याला वाटते. तसे नसते. परदेशातून येणारा प्रतिनिधी कितीतरी महिने आधी नावनोंदणीचा फॉर्म भरतो. त्या फॉर्मासोबत सहलींची यादी असते. कुणाला लेणी, कुणाला किल्ला, कुणाला कारखाना, कुणाला शेत. ज्याला जे हवे त्याने त्यापुढे खूण करायची आणि त्याचे वेगळे पैसे भरायचे. सोबत आलेल्या नवऱ्यासाठी किंवा बायकोसाठी निराळा कार्यक्रम. सक्ती कुणावर नाही. पण इतक्या लांब आलेला माणूस दोन दिवस जास्त काढून मुलूख बघूनच जातो.

या सहलींवर एजन्सी, हॉटेल, बसवाला, दुभाषा असे कितीतरी लोक पोट भरतात. या साखळीत आपले खेडे कुठे आहे? बहुतेक वेळा बसच्या काचेपलीकडे.

२०२३ साली जी-२० राष्ट्रगटाचे अध्यक्षपद भारताकडे होते. फेब्रुवारीच्या अखेरीस छत्रपती संभाजीनगरात महिलांच्या डब्ल्यू-२० गटाची बैठक झाली. त्यासाठी शहर रंगरंगोटी करून सजले. दाखवायला जगप्रसिद्ध लेणी हाताशी होतीच. १५ ते १७ जूनला हैदराबादेत कृषिमंत्र्यांची बैठक झाली, तिच्या कार्यक्रमात तिथल्या भारतीय भरडधान्य संशोधन संस्थेची भेट ठेवली होती. ९ सप्टेंबरला दिल्लीत राष्ट्रप्रमुखांच्या पत्नींना पुसाच्या कृषी संशोधन संस्थेत नेऊन भरडधान्ये दाखवली. त्यासाठी वेगवेगळ्या राज्यांतल्या शेतकरी महिलांना तिथे बोलावले होते. ते वर्षच संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून जाहीर केलेले होते. म्हणजे ज्वारी-बाजरी जगाला दाखवण्याजोगी आहे हे सरकारलाही पटले आहे. पण ती दाखवली राजधानीत. शेतकरी पाहुण्यापर्यंत गेला, पाहुणा शेतापर्यंत आला नाही.

आपण रस्त्यावरच आहोत

आता आपला नकाशा बघा. आमचे जळकोट (लातूर जिल्ह्यातले तालुक्याचे जळकोट नव्हे, तुळजापूर तालुक्यातले) पुणे-सोलापूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावर आहे. जुना ९ नंबर, आताचा ६५. याच रस्त्याने पूर्वेला निघाले की उमरगा, पुढे जहीराबाद आणि हैदराबादच्या अलीकडे पाटणचेरू. तिथे १९७२ पासून इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिची पिके कोणती? ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग. म्हणजे आपल्याच बांधावरची. पश्चिमेला सोलापूर, तिथे डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, रब्बी ज्वारीच्या संशोधनाचेही केंद्र आहे. शास्त्रज्ञ या टोकाला आणि त्या टोकालाही, अन् मधल्या पट्ट्यात जो हे पीक खरोखर काढतो तो शेतकरी.

बघण्यासारखेही कमी नाही. शेजारी नळदुर्गचा किल्ला, बोरी नदीवरच्या बांधाच्या पोटात बांधलेला पाणीमहाल, पावसाळ्यात कोसळणारे नर-मादी धबधबे. तुळजापूरला आई भवानी. तेरला गोरोबाकाकांची समाधी आणि लामतुरे संग्रहालय. हे तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे, की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथले कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरावर येते. परदेशी गिऱ्हाईक या मुलखाला दोन हजार वर्षांपासून माहीत आहे. आज आपण त्याच्याकडे नुसते पाहत उभे राहतो, एवढाच फरक.

आणि हे होऊ शकते का, असे विचारणाऱ्याने याच महामार्गावरचे जहीराबाद बघावे. तिथे पस्तापूर भागातल्या गरीब कोरडवाहू महिलांनी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या साथीने जुने वाण राखले. दर हिवाळ्यात बैलगाड्या सजवून बियाण्यांची जत्रा गावोगाव नेली. २०१९ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. त्याच्या तीन वर्षे आधी, २०१६ साली, हेच पारितोषिक आपल्या भागात काम करणाऱ्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला मिळाले होते. किल्लारीच्या भूकंपानंतर उभी राहिलेली बायकांची फळी आणि घर चालवणारी एक एकराची शेती, हे तिचे काम. जगाने दखल घेतली. शेजारच्या गावाला मात्र पत्ता नाही. काखेत कळसा, गावाला वळसा!

पाहुण्याकडून पैसे घ्यायचे?

इथेच खरी अडचण आहे. चार माणसांत हा विषय काढला की पहिला प्रश्न येतो, "पाहुण्याकडून पैसे घ्यायचे? लोक काय म्हणतील?" आपल्याकडे दारी आलेल्याला गूळपाणी विचारल्याशिवाय कुणी सोडत नाही. दुष्काळातही भाकरी अर्धी करून दिली जाते. ही आपली श्रीमंती आहे, ती जावी असे कुणीच म्हणणार नाही.

पण नीट विचार करा. सहलीला आलेला प्रतिनिधी हा आपला सोयरा नाही. त्याने या सहलीचे पैसे आधीच भरलेले आहेत. तुम्ही फुकट जेवू घातले म्हणून त्याचा एक रुपया वाचत नाही. वाचतो तो एजन्सीचा. भाकरी आपल्या बाईने थापायची, वाट आपल्या पिकातून द्यायची, आणि नफा शहरातल्या कचेरीत राहायचा, हा पाहुणचार नव्हे. ही फसगत आहे, आणि ती आपण हसत हसत करून घेतो.

म्हणून व्यवहार आधी, कागदावर. उदाहरणादाखल हिशेब मांडू. समजा ३० जणांची बस आली आणि माणशी ५०० रुपये ठरले, तर १५,००० रुपये होतात. जेवणाचे माणशी २०० प्रमाणे ६,००० बचत गटाच्या खात्यात. ज्या तिघांच्या रानात फेरी झाली त्यांना प्रत्येकी १,५०० प्रमाणे ४,५००. इंग्रजी बोलणाऱ्या गावच्या पोराला किंवा पोरीला १,५००. ग्रामनिधीत पावती फाडून १,५००. उरलेले १,५०० साफसफाई आणि किरकोळीला. आकडे तुम्ही बदला, पण रकाने बदलू नका. कुणाला किती हे बस यायच्या आधी ठरलेले आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेले असले पाहिजे. नाहीतर पहिल्याच बसला दोन गट पडतील आणि दुसरी बस यायचीच नाही.

बायकांचे पैसे बायकांच्याच खात्यात जावेत, हेही स्पष्ट लिहावे. भाकरी बाईची, फोटो पाहुण्याचा आणि सत्कार सरपंचाचा, असे बरेच कार्यक्रम आपण पाहिले आहेत.

बियाणे मुठीने देऊ नका

दुसरी गोष्ट पैशापेक्षा मोठी आहे. शेतीच्या परिषदेला येणारा पाहुणा शास्त्रज्ञ असतो, बियाणे कंपनीचा माणूसही असतो. तो विचारतो, "हा ज्वारीचा जुना वाण का? मूठभर मिळेल?" आपला माणूस मूठभर काय, पिशवी भरून देतो.

असे करू नका. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे परदेशी व्यक्तीला किंवा कंपनीला संशोधनासाठी वा व्यापारासाठी आपले जैविक साधन न्यायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. त्याच कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती सांगितली आहे आणि गावातल्या वाणांची, झाडपाल्याची, जनावरांची नोंदवही ठेवायला सांगितली आहे. ती वही तुमच्या गावात आहे का? असली तर कपाटातून काढा. आपल्या जिल्ह्याच्या नावावर अख्ख्या देशात ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी आहे. तिची नोंद त्या वहीत नसेल तर ती वही कशाची?

हळदीची गोष्ट विसरू नका. जखमेवर हळद लावायची हे आपल्या आजीला ठाऊक होते. त्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने पुरावे दाखवून ते १९९७ मध्ये रद्द करून घेतले. लिहिलेले सापडले म्हणून जिंकलो. आपल्या वाणांचे लिहिलेले काय आहे?

व्यापारासाठी येणाऱ्यांचेही तेच. द्राक्षबागेत उभे राहून परदेशी गिऱ्हाइकाने पाठ थोपटली म्हणून तोंडी सौदा करू नये. बाग बघू द्या, चव घेऊ द्या. बोलणी शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत आणि लेखी.

सजावट नको, सोय करा

मोठे कुणी येणार म्हटले की आपल्याकडे चुना, रांगोळी, हलगी, फेटे आणि शाल-श्रीफळ. दोन तासांच्या भेटीत एक तास सत्कारात जातो. पाहुण्याला यातले थोडे आवडते, पण तो त्यासाठी आलेला नसतो. त्याला विचारायचे असते की पाऊस गेला तर तुम्ही काय करता, बियाणे कसे राखता, कर्ज कुणाकडून घेता. त्याला उत्तर द्यायला पुढारी नको, शेतकरी हवा. आणि शेतकऱ्यानेही त्याला उलट विचारावे, की तुमच्याकडे विमा कसा मिळतो, भाव कोण ठरवतो. फेरी दोन्ही बाजूंनी शिकायची असते.

सोय मात्र चोख हवी. वेशीवर हागणदारीमुक्तीची पाटी आहे, पण ३० माणसांना, त्यात निम्म्या बायका धरल्या तर, पाण्यासह स्वच्छ संडास किती आहेत? चार तरी नीट असले पाहिजेत. त्याचा फायदा बस गेल्यावर गावालाच. पिण्याचे पाणी उकळलेले. वेळ पाळायची, अकरा म्हणजे अकरा. फोटो विचारून काढायचा, हे पाहुण्यांना आधीच सांगायचे. पोरांनी बसमागे पेन-चॉकलेट मागत धावायचे नाही, हे शाळेत सांगायचे. १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरग्याच्या गावांनी किती पथके, किती कॅमेरे पाहिले हे त्या पिढीला विचारा. दुःखाचे प्रदर्शन एकदा झाले, ते पुरे. आता दाखवायचे ते काम.

परदेशी पाहुणा मुक्कामी राहणार असेल तर ठेवून घेणाऱ्याने २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन कळवावी लागते. पोलीस पाटलांना विचारून ही पद्धत आधीच समजून घ्यावी. मुक्कामाचा धंदा करायचा तर राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे. त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी होते. आधी मात्र दिवसाच्या फेरीपासूनच सुरुवात करावी.

"सोयाबीनला भाव नाही अन्..."

कुणी रागावून म्हणेल, "सोयाबीनला भाव नाही, सप्टेंबर २०२५ च्या पुराने रान खरवडून नेलं, अन् तुम्ही परदेशी पाहुण्यांचं काय घेऊन बसलात?" राग खरा आहे. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला, पण जाहीर भाव आणि हातात पडणारा भाव यातले अंतर शेतकऱ्याला सांगायला नको. परिषदेच्या पाहुण्यांनी ते अंतर भरून निघणार नाही. तसे कुणी सांगत असेल तर तो थापा मारतो. म्हणून यासाठी कर्ज काढू नका, खोल्या बांधू नका, एसी लावू नका. आहे त्या रानात, आहे त्या ओसरीवर जेवढे होईल तेवढेच. वर्षाला चार-पाच बस आल्या तरी बचत गटाला आणि दहा-बारा घरांना हातखर्च सुटतो, आणि गावाला आपल्या पिकाची किंमत कळते. जोडधंदा एवढाच असतो.

वेळही आपल्या सोयीची आहे. पुष्कळ परिषदा हिवाळ्यात होतात, आणि हिवाळ्यातच आपली ज्वारी हुरड्यात येते. हुरड्यासाठी पुण्या-मुंबईचे लोक पैसे देऊन रानात बसतात, हे सोलापूरकडच्या शेतकऱ्यांनी दाखवून दिले आहे.

तेव्हा येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. ग्रामसेवकांनी (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) ठराव लिहावा: फेरीची वाट कोणती, शुल्क किती, कुणाला किती, बियाणे-जनावरांचे नियम काय. कृषी खात्याच्या माणसाने कुठल्या महिन्यात कुठल्या रानात काय दिसते याचे एक पान तयार करावे. शिकलेल्या पोरांनी त्याचे इंग्रजी करावे. ते पान सोलापूरच्या दोन्ही केंद्रांना, पाटणचेरूला आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला पाठवावे. परिषद भरवणाऱ्याला सहलींची यादी करताना नाव, वाट, वेळ आणि दर एवढेच हवे असते. आपले नाव त्या यादीत नाही याचे कारण आपण ते कधी पाठवलेच नाही, हेच आहे. पाठवायला लागतो एक कागद आणि एक ठराव. दोन्ही आपल्याच हातात आहेत.