नेणिवेतील जातीचा बंदोबस्त करा



“आम्ही जात मानीत नाही,” असे छातीवर हात ठेवून सांगणारी माणसे आज गावोगाव भेटतात. त्यांतील पुष्कळजण खोटे बोलत नसतात. परंतु माणसाचे तोंड जे बोलते तेच त्याचा हात करतो असे नाही. जाणिवेच्या तळाशी नेणीव असते. बालपणापासून पाहिलेले, ऐकलेले आणि सोसलेले तेथे साठते व आपणांस न विचारता आपले निर्णय ठरविते. धम्मात अशा सुप्त प्रवृत्तींना अनुसय म्हटले आहे. निमित्त मिळताच त्या उठतात. ‘मान’, म्हणजे मी मोठा ही भावना, हा सात अनुसयांपैकी एक होय.

अलिबाग ज्याचे मुख्य ठाणे, त्या जुन्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्याचाच इतिहास पाहा. महाडच्या नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे अस्पृश्यांस खुले केले, पण ते कागदावर. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपल्या लोकांनी ते पाणी प्राशन केले, तेव्हा त्यांच्यावर लाठ्या पडल्या आणि पुढे शेण-गोमूत्राने तळ्याची ‘शुद्धी’ झाली! त्यात जाणूनबुजून केलेला जुलूम होताच. पण माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते आणि शेणाने ते शुद्ध होते, हे कोणत्या बुद्धीने ठरविले? ती बुद्धी नव्हे, हाडीमाशी खिळलेली शिसारी होती. ठरावाने तळे उघडले, मने उघडली नाहीत.

तो काळ गेला, असे कोणी म्हणेल. त्यास दोन पुरावे द्या. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी पाठविले होते. दलित आडनावाच्या अर्जदारांस बोलावणे कमी आले. दुसरा पुरावा उत्तर प्रदेशातील शाळकरी मुलांचा. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनी त्यांना कागदावरील चक्रव्यूह सोडविण्यास दिले. जात उच्चारली नाही तेव्हा दोन्हीकडची मुले जवळजवळ बरोबरीने उतरली. सर्वांदेखत जात पुकारताच दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच, बुद्धी तीच! मग आमची मुले मुळातच मंद, असे म्हणणाऱ्यांनी आता काय उत्तर द्यावे?

“माझ्या नकळत झाले,” ही सबब मात्र चालू देऊ नका. नकळत नाकारलेल्या नोकरीने घरची चूल कळतच विझते. नेणीव हे कारण आहे, माफी नव्हे.

मग उपाय कोणता? उपदेश? अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेकडे पाहा. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतील नोंदी बिघडणार, हे ओळखून 1904 साली तेथील काम अलिबागेस हलविण्यात आले. चुंबकसूचीला कोणी प्रवचन दिले नाही! तिला खेचणारा अदृश्य प्रवाह ओळखला आणि सूची त्याच्या कक्षेबाहेर नेली. समाजालाही हीच रीत लावा. नोकरीच्या पहिल्या निवडीत आडनाव झाकावे, उत्तरपत्रिकेवर नाव नसून क्रमांक असावा, वर्गात जात पुकारू नये, अशी मागणी संघटितपणे करा. राखीव जागांचे महत्त्वही येथेच आहे. निवडणाऱ्याच्या सुप्त मनाच्या मर्जीवर तुमचा हक्क टांगलेला राहू नये.

आणि आपले घरही तपासा. दीक्षा एका दिवसात घेता येते, संस्कार एका दिवसात जात नाहीत. सोयरिकीच्या वेळी पोटजात विचारण्यास जीभ वळते काय? कचेरीत खुर्ची रिकामी असता पाय दाराशीच थबकतात काय? लाठी गेली तरी तिचा धाक अंगात उरतो, हा तुमचा दोष नव्हे. पण तो धाक मुलांच्या हाती वारसा म्हणून देणे तुम्ही थांबवू शकता. जीभ वळेल तेथे तिला आवरा, पाय थबकतील तेथे पुढे टाका. स्मृती, म्हणजे क्षणोक्षणीची सावधानता, ती हीच. रोज करा, मुलांदेखत करा!