एक प्रत नांदेडला, एक लातूरला

टीव्हीला जोडून बैठकीत एक संगणक बसवायचा, असे मी गेल्या दिवाळीत जाहीर केले, तेव्हा घरात कुणी ते फारसे मनावर घेतले नाही. मुलगा म्हणाला, ‘बाबा, टीव्हीला ती कांडी लावली की सगळे दिसते. हा डबा कशाला?’ सौभाग्यवतींचा सल्ला वेगळाच होता. ‘आधी माळ्यावरच्या कॅसेटी काढा. बुरशी चढलीय त्यांना.’

दोघांचेही बरोबर होते. पण मला तो डबा हवा होता तो त्या कॅसेटींसाठीच.

त्यातली एक कॅसेट १९९२ सालची. धाकट्या बहिणीच्या लग्नाची. लग्न औसा तालुक्यातल्या आमच्या गावी, माळवदाच्या घरासमोर मांडव घालून झाले. पुढच्याच वर्षी गणपतीचे विसर्जन आटोपून गाव झोपले आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायच्या सुमारास जमीन हलली. मातीत बांधलेल्या दगडी भिंती आणि वर लाकडावर रचलेले मातीचे जड माळवद. थंडाव्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वाखाणलेले तेच बांधकाम त्या पहाटे हजारोंच्या अंगावर आले. वडील त्या घराखाली गेले. आई माझ्याकडे नांदेडला आली होती, म्हणून राहिली. भिंतीतल्या फडताळात घरातले सगळे फोटो होते. तेही गेले. लग्नाची कॅसेट तेवढी वाचली, कारण बघायला म्हणून मी ती नांदेडला आणली होती आणि परत करायची राहून गेली होती.

तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. जे वाचले ते जपून ठेवले म्हणून नव्हे, दुसऱ्या गावी होते म्हणून वाचले.

आता त्या डब्याविषयी. कुणी फक्त नवे सिनेमे बघण्यासाठी बैठकीत संगणक बसवणार असेल, तर त्याने पैसे वाया घालवू नयेत. त्यासाठी मुलाची कांडी पुरेशी आहे. कित्येक प्रवाही सेवा तर संगणकाच्या ब्राउझरवर तेवढे स्पष्ट चित्र देतही नाहीत. शिवाय तिथले चित्रपट भाड्याच्या घरासारखे. करार संपला की एके दिवशी निघून जातात आणि आपण शोधत बसतो. पूर्वी आपण व्हीसीआर भाड्याने आणून रात्रीतून तीन सिनेमे बघत होतो. आता महिन्याने भाडे भरतो, एवढाच फरक. संगणक बसवायचा तो आपल्या मालकीच्या गोष्टींसाठी.

मी एका कचेरीतून निघालेला पुस्तकाएवढा जुना संगणक घेतला. नांदेडच्या मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. मोठे यंत्र घेतले तर त्याचा पंखा सिनेमापेक्षा मोठ्याने बोलतो. म्हणून कमी वीज खाणारे घ्यावे, टीव्हीमागच्या बंद कप्प्यात कोंबू नये आणि इन्व्हर्टरवर जोडावे. एचडीएमआयची एकच वायर चित्र आणि आवाज दोन्ही नेते. वर ‘कोडी’ नावाची फुकट प्रणाली टाकली. २०१४ पर्यंत तिचे नाव एक्सबीएमसी होते. ठळक अक्षरांत यादी दिसते आणि दूरनियंत्रकाच्या चार बाणांवर सगळे चालते. ऐंशीच्या घरातल्या माणसाला जमले पाहिजे, ही माझी एकच अट होती.

खरे काम कॅसेटीचे. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची जपानी कंपनी २०१६ साली थांबली. आता जी यंत्रे आहेत ती जुनीच, रोज झिजणारी. बुरशीची कॅसेट तशीच यंत्रात घातली तर यंत्रही बिघडते आणि पुढची कॅसेटही. वजिराबादेत एक जुना दुरुस्तीवाला भेटला. त्याने फीत हाताने साफ करून दिली, एका जागी तुटली होती ती जोडली. फीत आपल्या वेगानेच चालते. तीन तासांची कॅसेट संगणकात उतरायला तीन तासच लागतात, घाई करता येत नाही. त्या काळचे चित्र सेकंदाला पन्नास अर्ध्या पट्ट्यांनी बनलेले. आजच्या सपाट पडद्यावर ते तसेच दाखवले तर हलणाऱ्या माणसाच्या कडा कंगव्यासारख्या फाटतात. त्या पट्ट्या नीट जुळवून घ्याव्या लागतात. एवढे करून अकरा मिनिटे गेलीच. सप्तपदी त्यातच होती.

आई लातूरला, भावाकडे असते. लातूर म्हणजे शिकवण्यांचे गाव. बारावीचे लेकरू घरात आले की केबल काढून टाकणारी घरे मी तिथे पाहिली आहेत. भावानेही काढली होती, पुतणी बारावीत म्हणून. ‘अभ्यासाच्या घरात आणखी एक पडदा?’ तो म्हणाला. मी म्हटले, ‘यात इंटरनेट जोडूच नकोस. आपण घालू तेवढेच दिसेल.’ ते त्याला पटले. तसाच दुसरा डबा घेऊन मी लोहा-अहमदपूरमार्गे लातूरला गेलो.

कॅसेट लागली. वडील दिसले, पाहुण्यांना वाकून नमस्कार करणारे. मला वाटले होते, आई रडेल. ती डोळे बारीक करून पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘थांबव. ह्यांच्या मागं बघ, बळद दिसायलंय का?’

पुतणीने विचारले, ‘आज्जी, बळद म्हणजे काय?’

मग तासभर लग्न तसेच थांबून राहिले. धान्य साठवायचे बळद, त्याचे तोंड लिंपायची पद्धत, पाहुण्याला आधी बसवायची ढाळज, कोनाड्यातला दिवा. आई एकेका दगडावर बोट ठेवून सांगत होती. तीस वर्षांत त्या घराविषयी ती इतकी बोलली नव्हती. आम्हीही विचारले नव्हते. भूकंपानंतर आमचे गाव नव्या जागी वसले, अशी बावन्न गावे. रस्ते सरळ झाले, घरे भक्कम झाली. ढाळज मात्र शब्दासकट गेली.

हेच चित्र मी आईला मोबाइलवर पाठवू शकलो असतो. तिने हातभर अंतरावर धरून पाहिले असते, ‘छान’ म्हणाली असती आणि पुतणी आपल्या खोलीत राहिली असती. हातातल्या पडद्यावर एकाच माणसाला बघता येते. प्रश्न विचारायला दुसरे कुणीतरी शेजारी बसलेले लागते. बैठकीचा उपयोग तोच. आपण आज रोज पोटभर चित्रण करतो आणि ते फोनबरोबर हरवते किंवा दूरच्या कुणाच्या तरी साठवणीत पासवर्डाच्या भरवशावर पडून राहते. पासवर्ड ज्याला ठाऊक तो गेला की सगळेच गेले.

डबा अमर आहे, असे माझे म्हणणे नाही. त्यातली डिस्क एक दिवस बिघडणारच. म्हणून एक प्रत नांदेडला आणि एक लातूरला आहे. वर्षातून एकदा, दसऱ्याला, दोन्ही चालवून बघायच्या, असे आम्हा भावांत ठरले आहे. खर्च एका साध्या मोबाइलपेक्षा कमीच आला.

आपल्या माळ्यावरही अशी एखादी कॅसेट असेल. तिच्यावरची बुरशी दिवाळीच्या साफसफाईची वाट बघणार नाही. आणि ‘थांबव, मागं बघ’ म्हणणारे माणूस घरात असेल, तर त्याच्यासमोरच ती लावा. चित्र पुसट असले तरी चालेल. बाकीचे ते माणूस सांगेल.