पाळीव श्वान आणि पेठेतील धोके

एका पिढीपूर्वीपर्यंत जैन व्यापाऱ्याच्या घरी गाय असे, पांजरपोळासाठी वेगळी काढलेली रक्कम असे. कुत्रे मात्र सहसा नसे. मांसाहारी प्राणी श्रावकाने पोसावा काय, हा प्रश्न जुन्या मंडळींना पडत असे आणि तो अगदीच निराधार नव्हता. आता नातवंडांच्या हट्टाने म्हणा किंवा वृद्धांच्या सोबतीसाठी म्हणा, अनेक घरांत लॅब्रॅडॉर आणि पामेरियन आले आहेत. जीव एकदा घरात आणल्यावर तो वाद मागे पडतो. उरतो तो त्याचा सांभाळ.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितलेले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. ते मुख्यतः आश्रित प्राण्यांशी होणाऱ्या वर्तनाचेच आहेत आणि त्यांतला पहिला बांधून ठेवण्याचा आहे. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम 1960 मध्ये आला. त्याच्या 11 व्या कलमातही, सतत साखळीला असणाऱ्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे हा मालकाचा अपराध ठरविला आहे. तेव्हा कुत्र्याला बाहेर न्यावेच लागते. पण व्यापाऱ्याच्या घराचे 'बाहेर' म्हणजे बाग नव्हे. ती पेठ असते, मार्केट यार्ड असते, गोदामांची गल्ली असते आणि तेथील धोके कुत्र्यांवरील इंग्रजी पुस्तकांत क्वचितच सापडतात.

सांगलीचेच उदाहरण घ्यावे. सांगली-तासगावचे बेदाण्याचे सौदे सर्वदूर प्रसिद्ध आहेत. पोती चढता-उतरताना, माल निवडताना रस्त्यावर बेदाणा सांडतो. माणसासाठी तो सुकामेवा. कुत्र्यासाठी ते विष ठरू शकते. द्राक्षे आणि बेदाणे यांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होतात, हे पशुवैद्यकांना बरीच वर्षे ठाऊक होते. कारण मात्र उलगडत नव्हते. 2021 मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यकांनी द्राक्षातील टार्टारिक आम्लाकडे बोट दाखविले. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असते. म्हणजे यार्डातील आणखी एक जिन्नस संशयाच्या यादीत आला. किती बेदाण्यांनी अपाय होईल याचा ठोक हिशेब नाही. एक कुत्रा मूठभर खाऊनही ठणठणीत राहतो, तर दुसरा थोडक्याने दगावतो. आधी उलट्या होतात, कुत्रे मलूल होते, आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होऊ लागते. तोवर थांबणे म्हणजे उपचाराची वेळ घालविणे होय. खाल्ल्यावर पहिल्या दोन तासांत पशुवैद्यकाकडे नेल्यास उलटी करवून पुष्कळसे विष बाहेर काढता येते.

यात क्लेशदायक गोष्ट अशी की हा घास बहुधा प्रेमाने दिला जातो. प्रभावनेच्या पुडीतला बेदाणा मुले कुत्र्यापुढे धरतात, ओळखीचा हमालही कौतुकाने चार दाणे टाकतो. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. आपल्यातील पुष्कळ घरांत ते शिजतच नाहीत, एवढा एक धोका आचारानेच टळला आहे. पण कोपऱ्यावरच्या गाड्याखाली पडलेली कांदाभजी आचार पाळत नाही.

दुसरा धोका याहून गंभीर, कारण तो व्यापारी स्वतः मांडून ठेवतो. धान्याच्या गाळ्यात उंदीर येतात आणि रात्री गाळा बंद करताना विषाच्या गोळ्या ठेवल्या जातात. काळ्या भुकटीच्या रूपात मिळणारे झिंक फॉस्फाइड पोटात गेल्यावर विषारी वायू तयार करते. त्यावर उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांचे तसे नाही. त्यांनी रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते, मात्र कुत्रे दोन-चार दिवस चांगले दिसते. मग हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते, श्वास लागतो. यावर जीवनसत्त्व के-1 हा उतारा आहे आणि तो काही आठवडे द्यावा लागतो. म्हणून विषाचे वेष्टन कधीही फेकू नये. कोणते विष होते हे त्यावरूनच पशुवैद्यकाला कळते. विष खाऊन मेलेला उंदीर खाल्ल्यानेही कुत्रे, मांजर आणि घुबड यांना बाधा होऊ शकते.

वास्तविक श्रावकाला हे विष ठेवण्याची मुभा कितपत आहे? अनर्थदंडाच्या प्रकारांत हिंसादान येते आणि हिंसेची साधने दुसऱ्याला देण्यात विषाचाही समावेश होतो. उंदराचा पिंजरा लावणे, बिळे व जोते काँक्रीटने बंद करणे, पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर रचणे, गटाराच्या तोंडाला जाळी बसविणे हे उपाय खर्चाचे आहेत, पण माल वाचविण्याच्या दृष्टीनेही तेच टिकाऊ. शेजारच्या गाळ्यात विष ठेवले आहे काय, एवढे विचारून घेण्यास तर काहीच खर्च नाही.

ऋतुमानाचे धोके थोडक्यात. एप्रिल-मे महिन्यांत डांबरी रस्त्यावर हाताचा मागचा भाग सात सेकंद टेकवता आला नाही, तर कुत्र्याला त्यावरून चालवू नये. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून विजेच्या खांबाजवळ नेऊ नये. कृष्णेच्या पुरानंतर, 2019 साली सांगलीने तो पाहिलाच, उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरू शकतो आणि तो कुत्र्याकडून माणसालाही होतो. त्याची लस रेबीजच्या लशीबरोबरच लक्षात ठेवावी. उसाच्या व हळदीच्या शेताकडे नेताना साखळी आखूड धरावी. घोणस किंवा नाग चावल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये. कुत्र्याला चालू न देता उचलून न्यावे. सर्पविषावरील प्रतिविष कुत्र्यांनाही देता येते. सापाला मारण्याने यांतले काहीही सुकर होत नाही.

हे सारे मालकाला ठाऊक असले तरी बहुतेक पेढ्यांवर कुत्र्याला फिरवतो तो दुकानातला पोऱ्या किंवा वॉचमन. त्याला बेदाण्याचे कोणी सांगितलेले नसते आणि कुत्र्याने काही खाल्ले तर बोलणी बसतील या भीतीने तो गप्प राहतो. त्याला ओरडा मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवावे. पशुवैद्यकाचा क्रमांक त्याच्याच मोबाईलमध्ये असावा आणि मालकाला न विचारता रिक्षा करून जाण्याची परवानगीही.