दोन घरांचा मोगली

मुलांच्या करमणुकीकडे वडीलधाऱ्यांनी थोड्या संशयानेच पाहावे, हा आपल्या कुटुंबांतील जुना रिवाज आहे. एके काळी कादंबऱ्यांवर डोळे वटारले गेले, पुढे बोलपटांवर, त्यानंतर दूरचित्रवाणीवर. आणि आता ती पाळी जपानी चित्रमालिकांवर आली आहे. घरोघरची नातवंडे ज्यांस ‘अ‍ॅनिमे’ म्हणतात, त्या ह्या मालिकांविषयी ‘ह्यांत आहे तरी काय?’ असा प्रश्न माजघरातून वारंवार ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे एक उत्तर असे की, ह्यांतील पुष्कळ मालिकांचा नायक आरंभी स्वतःसच परका असतो. आपण जे आहो ते पत्करण्याचे धैर्य त्यास नसते, आणि म्हणूनच दुसऱ्या माणसाशी त्याचे नाते जुळत नाही. हा विषय पोरखेळाचा खचित नव्हे. शिवाय तो आपल्या घरांत पूर्वीच येऊन गेलेला आहे. तो कोणत्या रूपाने आला, हे ह्या खेपेस सांगावे असे आम्ही योजिले आहे.

सन 1993 मध्ये दूरदर्शनवर हिंदीतून ‘जंगल बुक’ दाखविले जाऊ लागले, तेव्हा रविवारी सकाळी दादर-गिरगावच्या चाळींतून मुलांची न्याहारी लांबणीवर पडत असे. गुलजार यांनी लिहिलेले आणि विशाल भारद्वाज यांनी स्वरबद्ध केलेले तिचे शीर्षकगीत ज्यास पाठ नाही, असा त्या पिढीतील मुलगा विरळा. ती मालिका जपानी आहे, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानी आले असेल. निप्पॉन अ‍ॅनिमेशन ह्या संस्थेने 1989-90 साली ती 52 भागांत काढली. हिंदीत शेरखानास आवाज दिला तो नाना पाटेकर यांनी. नानांचे कलाशिक्षण झाले सर जे. जे. उपयोजित कला संस्थेत. आणि मोगलीचा जनक रडयार्ड किपलिंग जन्मला तोही त्याच आवारात. वाघाचा आवाज आणि कथेचा कर्ता ह्या दोहोंचे धागे मुंबईतल्या एकाच कुंपणाआड मिळावेत, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

गिरगावातून धोबीतलावावरून क्रॉफर्ड मार्केटकडे, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईकडे जाणाऱ्यास तिच्या प्रवेशद्वारावरचे शिल्पपट दिसतात. ते रडयार्डचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग यांच्या हातचे. ते जे. जे. कलाशाळेत शिल्प शिकविण्यासाठी 1865 साली मुंबईस आले, आणि त्याच वर्षी 30 डिसेंबरला येथे रडयार्डचा जन्म झाला. पोर वाढले ते दाईच्या व गड्याच्या अंगाखांद्यावर. दाई ख्रिस्ती होती. ती रस्त्यावरील क्रुसापाशी प्रार्थना करी, तेव्हा हे मूल शेजारी उभे असे. हिंदू गडी त्यास बोट धरून देवळात नेई. हिंदुस्थानी त्याच्या जिभेवर इतकी बसली होती की, आईबापांपुढे जाताना ‘आता इंग्रजीत बोल’ अशी ताकीद त्यास द्यावी लागे.

मग 1871 साली, वयाची सहा वर्षे पुरी होण्याच्या आत, त्यास व धाकट्या बहिणीस विलायतेत साउथसी येथे एका परक्या कुटुंबात ठेवून आईबाप परत फिरले. आधी एका शब्दानेही मुलांस सांगितले नव्हते. ती पाच-सहा वर्षे छळाची गेली, असे त्याने पुढे लिहून ठेविले आहे. 1882 साली, सोळाव्या वर्षी, तो पुन्हा मुंबईच्या धक्क्यावर उतरला, तेव्हा अर्थ न उमगणारे देशी शब्द आपोआप त्याच्या ओठांवर येऊ लागले. वाचकहो, ह्या एका गोष्टीत सगळा मोगली सामावलेला आहे. जीभ एका घरची, कातडे दुसऱ्या घरचे. आणि ‘तू कोणाचा?’ ह्या प्रश्नास एकच उत्तर देणे अशक्य.

‘जंगल बुक’ची दोन पुस्तके 1894 व 1895 साली निघाली. कथा घडते सिवनीच्या डोंगरांत व वैनगंगेच्या काठी; हीच वैनगंगा पुढे आपल्या भंडारा व गडचिरोली जिल्ह्यांतून वाहते. मोगलीच्या मनाची वाढ तीन पायऱ्यांनी होते. पहिली पायरी लांडग्यांच्या सभेतली. माणसाचे पोर कळपात घ्यावे की नाही, ह्यावर वाद पडतो, आणि आईबापांखेरीज दोघांनी त्याची भलावण केल्यावाचून प्रवेश मिळत नाही. बाळू अस्वल त्याच्या बाजूने बोलतो. बघीरा एका मारलेल्या बैलाचे मोल देऊन जामीन राहतो. आपल्याकडे दत्तकविधानात जे होते, त्याचीच ही रानातली आवृत्ती. मोगली स्वतःस लांडगाच समजू लागतो, आणि त्याचे सुख ह्या भ्रमावर टेकलेले असते.

दुसरी पायरी भ्रमनिरासाची. कळपातील तरुण लांडगे शेरखानाच्या नादी लागून उलटतात, कारण मोगलीच्या नजरेस नजर भिडविणे त्यांस जमत नाही. कळप सोडते वेळी त्याच्या डोळ्यांतून पाणी येते. ते काय आहे हे त्यास कळत नाही, आपण मरत आहो की काय असे त्यास वाटते. बघीरा त्यास समजावतो की, हे केवळ अश्रू आहेत आणि ते माणसांसच येतात. आपण माणूस आहो, हे मोगलीस प्रथम कळते ते असे. गावात मेसुआ नावाची बाई त्यास हरवलेला लेक मानून पोटाशी धरते. परंतु म्हशींच्या कळपाखाली शेरखानास तुडवून ठार केल्यावर, चेटक्या समजून गावकरी त्याच्यावर दगड फेकतात. एकाने माणूस म्हणून हाकलावे आणि दुसऱ्याने लांडगा म्हणून! मोगली म्हणतो, आता दोघेही नकोत. दुखावलेले मन नेहमी असेच बोलते. ‘मला कोणाची गरज नाही’ ह्या वाक्याखाली बहुधा मोठी गरज दडलेली असते.

तिसरी पायरी वसंतातली. सतरा वर्षांचा मोगली रानाचा धनी झाला आहे. तरी त्यास काही सुचत नाही, अन्न गोड लागत नाही. धावत धावत तो नकळत मेसुआच्या दाराशी येतो, आणि ती त्यास ओळखते. अखेरीस तो माणसांकडे जावयास निघतो, तेव्हा ज्यांनी त्यास वाढविले ते कोणीही आडवे येत नाहीत. बाळू आशीर्वाद देतो. बघीरा पुन्हा एक बैल मारून जुने ऋण फेडतो आणि त्यास मोकळा करतो. जपानी कर्त्यांनी पुस्तकात पुष्कळ फेरफार केले, नवी पात्रे घातली. परंतु शेवटचा हा कल त्यांनीही राखला. त्यांचा मोगलीही माणसांत राहावयास जातो आणि जंगलाशी नाते ठेवतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. किपलिंग हा साम्राज्याचा कट्टर अभिमानी. 1899 साली गोऱ्या माणसाच्या ओझ्याचे स्तोत्र गाणारा. त्याच्या कथेतील गावकरी निव्वळ भोळसट व क्रूर दिसतात, ह्यात त्याची ती दृष्टीच दिसते. हे सर्व खरे आहे. तथापि ज्या लेखकास राज्यकर्ता ह्या नात्याने आपले दुहेरीपण कधी नीट पत्करता आले नाही, त्यानेच एका मुलाच्या रूपाने ते पत्करून दाखविले, हे त्याहून अधिक विचार करण्याजोगे आहे. माणसास जे जमत नाही ते त्याच्या पात्रास कधी कधी जमते.

आता आपल्या घराकडे वळू. आपण लेकरास मांडीवर घेऊन सहज विचारतो, ‘आई आवडते की बाबा?’ मूल गोंधळते आणि आपण हसतो. हाच खेळ पुढे खरा होतो. नव्या सुनेने माहेरची आमटी केली की, ‘आमच्याकडे असे करीत नाहीत’ हे वाक्य तयार असते. आणि ती माहेरी गेली म्हणजे ‘आता तू त्यांची झालीस’ हेही तयार असते. परदेशी वाढणारे नातवंड सुटीत दादरला आले की त्याच्या मराठीस चुलत भावंडे हसतात. तिकडे शाळेत त्यास ‘तू मूळचा कुठला?’ म्हणून विचारतात. दोन्हीकडचे लोक प्रेमळ असतात, दुष्ट कोणीच नसते. परंतु दोन्हीकडून एकच मागणी होते, ती अशी की, अर्धे सोड आणि मग आत ये. अशा मुलाने एक अर्धे लपविले तर ते चतुर होईल, आणि दोन्ही अर्धी लपविली तर ते एकटे पडेल. सुखी होण्याचा मार्ग मात्र ह्या दोहोंत नाही.

मोगलीस जे मिळाले, ते ह्याच्या नेमके उलट होते. बाळूने त्यास रानातील प्रत्येक जातीच्या भाषेत नाते सांगण्याचे शब्द शिकविले. तू माणूस आहेस हे बघीराने लपविले नाही. आणि मेसुआने त्यास रानाची शपथ घालून परत बोलाविले नाही. ज्याचे मूळ कोणी खोटे ठरवीत नाही, त्यास ते स्वतःही झाकावे लागत नाही. आणि ज्यास काही झाकावयाचे नाही, तोच दुसऱ्याजवळ मोकळेपणी बसू शकतो. स्वतःस पत्करणे ही एकट्याने कोपऱ्यात बसून करावयाची साधना आहे, असे आम्हांस वाटत नाही. आधी कोणीतरी आपणांस संपूर्ण पत्करावे लागते, आणि हे काम घराचे आहे.

किपलिंगने मोगलीची पहिली गोष्ट लिहिली ती ह्या दोन्ही पुस्तकांपूर्वी, 1893 साली छापलेली. तीत मोगली मोठा झालेला आहे, जंगलखात्यात चाकरीस लागला आहे आणि संसारी आहे. त्याचे तान्हे मूल उघड्यावर खेळते, आणि खेळगडी म्हणून शेजारी लांडगे असतात. त्या मुलास ‘तू कोणाचा?’ असे कोणीही विचारीत नाही.