विरंगुळा नको, वर्ग हवा

मागच्या हिवाळ्यात आई सहा महिन्यांसाठी इकडे परदेशी माझ्याकडे आली होती. दर रविवारी मी मुलाला इथल्या मराठी मंडळाच्या भाषावर्गाला घेऊन जायचे आणि वर्ग सुटेपर्यंत आई बाहेर व्हरांड्यात खुर्चीवर बसायची. सोबत आणखी पाच-सहा आजी-आजोबा. कोणी मोबाइलवर कीर्तन ऐकतंय, कोणी नुसतंच खिडकीबाहेर बघतंय. एके रविवारी तिच्या हातात नातवाच्या वहीतला एक कागद दिसला. त्यावर तिनं इंग्रजी मोठी अक्षरं काढली होती, ए पासून के पर्यंत. "फुडची येत न्हाईत," ती म्हणाली, "कुणी दाखवली तर काढीन."

आई सोलापूर जिल्ह्यातल्या कुर्डुवाडीची, चौथी शिकलेली, वय बहात्तर. तिला ती अक्षरं औषधाच्या पाकिटावरचं नाव वाचायला हवी होती. स्टेशनवर डब्याचा नंबर कोणाला न विचारता ओळखायला हवी होती. आम्ही आत मुलांना मराठी अक्षरं गिरवायला शिकवत होतो आणि भिंतीपलीकडे शिकायला आतुर झालेली माणसं कोट सांभाळत बसली होती. हे माझ्या लक्षात यायला इतके रविवार लागले, याचं मला वाईट वाटतं.

ज्येष्ठांसाठी आपण काहीच करत नाही असं नाही. मंडळ कोजागरी करतं, सहल काढतं, आरोग्य शिबिर घेतं. तिकडे महाराष्ट्रातही नगरपालिका बाकडी बसवतात, विरंगुळा केंद्रं उघडतात, तिथे कॅरम असतो, वर्तमानपत्रं असतात. या सगळ्याची गरज आहे. पण 'विरंगुळा' या शब्दातच एक निकाल दिलेला आहे: या माणसांचं मुख्य काम संपलं, आता उरलेला वेळ बरा जावा एवढं पाहायचं. साठीनंतर वीस-वीस वर्षं हाताशी असणाऱ्या माणसाबद्दलचा हा निकाल मला मान्य नाही.

कुर्डुवाडीनं तर तो कधीच मान्य करू नये. हे गावच रेल्वेनं वाढवलं. मुंबई-मद्रास मार्गावरच्या या ठिकाणाहून १८९७ साली बार्शीकडे अडीच फुटी रुळांवरची बार्शी लाइट रेल्वे निघाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं ती उभी केली. पुढे हीच लाइन पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तिथल्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. वाफेच्या इंजिनावर हात बसलेला आणि अर्धी नोकरी झाल्यावर डिझेल आलं. चाळिशी ओलांडलेली ही माणसं नवी यंत्रं शिकली. रात्री आमच्या स्वयंपाकघरात जमिनीवर आकृत्या पसरून दादा आणि त्यांचे दोन सोबती बसलेले मला आठवतात. या वयात कशाला, असं त्यांना कोणी म्हटलं नाही, कारण गाडी चालायची होती. मग २००० नंतरच्या दहा वर्षांत टप्प्याटप्प्यानं नॅरोगेजची ब्रॉडगेज झाली. तोवर दादा निवृत्त झाले होते. त्यांची शिकायची ताकद एका रात्रीत गेली नव्हती. ती मागणारं कोणी उरलं नव्हतं, एवढंच.

सरकारी धोरणातही हेच दिसतं. २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला तो १५ ते ३५ वयाच्या लोकांसाठी. १९८८ च्या साक्षरता मिशननं तोच वयोगट धरला. पैसा कमी आणि निरक्षर अफाट, तेव्हा कमावत्या वयाला आधी घ्यायचं, हा हिशेब मी समजू शकते. पण माझी आजी तेव्हा पन्नाशीच्या पुढे होती आणि त्या हिशेबात ती कुठेच नव्हती. आयुष्यभर दुसऱ्याकडून पोथी ऐकत ती गेली. आताच्या 'उल्लास' साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांपुढच्या सर्वांना घेतात आणि 'प्रौढ शिक्षण' ऐवजी 'सर्वांसाठी शिक्षण' म्हणतात, हा बदल चांगला आहे. पण त्यासाठी गावात एक खोली आणि एक शिकवणारं माणूस लागतं.

ते कसं जमतं हे ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावानं दाखवलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ ला तिथे आजीबाईंची शाळा सुरू केली. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टनं हातभार लावला. साठ ते नव्वद वयाच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर आणि पाटी घेऊन शाळेत आल्या. त्या फोटोंचं पुष्कळ कौतुक झालं. मला मात्र त्यामागची दोन साधी शहाणपणं जास्त मोलाची वाटतात. शाळा भरायची दुपारी दोन ते चार, म्हणजे शेतातलं, चुलीजवळचं काम उरकल्यावर. ज्यांना शिकवायचं त्यांच्या दिवसाचा आधी विचार झाला. आणि दुसरं, तो गणवेश. म्हातारपणी शिकायला बसताना सगळ्यात मोठी अडचण डोळ्यांची नसते, लाजेची असते. लोक काय म्हणतील? सगळ्यांनी एका रंगाचं लुगडं नेसून एकाच वेळी घराबाहेर पडल्यावर ही लाज एकटीच्या वाट्याला येत नाही. शिकवायला गावातलीच एक सून होती आणि तिची सासूही त्याच वर्गात शिकत होती. नात्याचा असा उलटा प्रवास एरवी आपल्या घरांत कुठे दिसतो?

निवृत्तांची दुसरी एक वाट फ्रान्समध्ये तूलूझ इथे १९७३ साली निघाली, तिसऱ्या वयाचं विद्यापीठ या नावानं. १९८२ मध्ये ब्रिटननं ती कल्पना घेतली आणि बदलली: प्राध्यापक नकोत, परीक्षा नकोत, सभासदांनीच एकमेकांना शिकवायचं. ब्रिटनमध्ये आज असे हजाराहून जास्त गट आहेत. आपल्यातले फार थोडे अशा गटांकडे फिरकतात. भाषा आडवी येते, संकोचही येतो. म्हणून ही सोय आपल्या भाषेत करणं हे मंडळाचं काम आहे.

काही सभासद म्हणतात, ज्येष्ठांना स्वतःलाच नको असतं, विचारलं तर 'आम्हाला काय करायचंय आता' म्हणतात. म्हणतात खरं. आईही म्हणाली असती. पण नेमकं काय, कोण आणि किती वाजता शिकवणार हे आपण विचारतच नाही. कुर्डुवाडीत दर नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो मोबाइलवरून देता येतो, तरी नातू सापडेपर्यंत लोक थांबतात. 'ओटीपी सांगू नका' असं बजावलेलं असतं, पण ओटीपी म्हणजे काय हे कोणी बसून समजावलेलं नसतं. गरज इथून सुरू होते, पण इथेच संपू नये. जुन्या जमिनीचे मोडीतले कागद कितीतरी घरांत पडून आहेत. राज्याचं पुराभिलेख खातं मोडीची परीक्षा घेतं, ती देणाऱ्यांना वयाची भीती वाटायचं कारण नाही. संत सावता माळ्यांचं अरण गाव कुर्डुवाडीच्याच माढा तालुक्यातलं. त्यांचे अभंग जन्मभर ऐकलेल्या बाईला ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावेत. आणि अडीच फुटी रुळांवर ज्यांनी इंजिनं दुरुस्त केली, त्या फिटरांनी आयटीआयच्या मुलांसमोर बसून ते सांगावं. शिकणारा दुसऱ्या दिवशी शिकवणारा होतो, तेव्हा माणूस ताठ बसतो. दादांना ही संधी मिळाली नाही.

आपल्यापैकी बरेच जण गावाकडे देणगी पाठवतात. आई-वडिलांच्या नावाचं बाकडं, मंदिराला फरशी. यंदा त्यातली एक देणगी एका खोलीच्या भाड्याला आणि गावातल्याच एका शिक्षिकेच्या मानधनाला द्यावी, दुपारी दोन ते चार, निदान दोन वर्षं. कुर्डुवाडीपुरतं मी स्वतः सुरू करते आहे. आपापल्या गावाचं ज्यांना करायचं असेल त्यांनी कार्यकारिणीला कळवावं.

इथल्या कामाला पैसेही लागणार नाहीत. मुलांचा वर्ग रविवारी दहाला भरतो आणि शेजारची खोली त्या वेळी रिकामी असते. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारपासून ती उघडावी, आणि ज्यांना महिन्यातून एक तास देता येईल त्यांनी मला नाव द्यावं. आई मार्चमध्ये परत येते आहे. तिला एल पासून पुढे शिकायचं आहे.